चिरंजीवाचा पुनर्जन्म : ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आणि उत्तरकथेची परंपरा

एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ त्यांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायानंतरचा भाग गावबा ह्या शिष्याने लिहिला, आणि उत्तरकांडही त्यानेच रचले असे परंपरा मानते. एकाने मांडलेली कथा दुसऱ्याने पुढे नेणे ही घटना मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. मात्र गावबाने आपल्या पूर्वसूरीच्या आकृतिबंधाला धक्का लावला नाही. ओवी तीच, कथनाचा सूर तोच. लोकप्रिय चित्रपटातील उत्तरकथेचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. चित्रपटसमीक्षा उत्तरकथेकडे बहुधा व्यापारी हव्यास म्हणून पाहते. तो हव्यास असतोच. पण पुराणकथेची उत्तरकथा हा एक जुना साहित्यप्रकारही आहे, आणि त्याचे काही अंतर्गत नियम आहेत.

२१ ऑक्टोबर २००५ रोजी प्रदर्शित झालेला ‘हनुमान’ हा हिंदी ॲनिमेशनपट व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केला. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागाच्या परंपरेतून आलेल्या ह्या कलावंताने मुंबईत घडविलेला हा द्विमित चित्रपट पूर्वार्धात जितका जिवंत आहे तितका उत्तरार्धात नाही. सूर्याला फळ समजून झेपावणारे मूल पडद्यावर आले आणि प्रेक्षकांनी ते आपले मानले. पुढची रामकथा केवळ ठाऊक असलेल्या प्रसंगांची उजळणी ठरली. यशाचे मर्म बालरूपात होते. २००७ च्या डिसेंबरअखेरीस आलेल्या ‘रिटर्न ऑफ हनुमान’ने नेमके हेच मर्म उचलले. निर्मितीत पर्सेप्टबरोबर तिरुवनंतपुरमची टून्झ ही संस्था आली आणि दिग्दर्शन अनुराग कश्यप यांच्याकडे गेले. ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘नो स्मोकिंग’ हे त्यांचे दोन चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाले होते. अशा दिग्दर्शकाने मुलांसाठी देवकथा सांगावी, हे त्या काळी अनेकांना विचित्र वाटले असल्यास नवल नाही.

कथासूत्र साधे आहे. मिंकू नावाच्या एका मुलाला इतर मुले छळतात. हे पाहून स्वर्गातील हनुमान अस्वस्थ होतो, ब्रह्मदेवाकडून मनुष्यजन्माची परवानगी मिळवितो आणि बजरंगपूर नामक गावात एका पुजाऱ्याच्या घरी मारुती म्हणून जन्माला येतो. देवलोक येथे एखाद्या कचेरीसारखा चालतो. जन्म घ्यावयाचा तर अटी मान्य कराव्या लागतात. चित्रपटाचे खरे बळ ह्या विनोदात आहे. त्याला श्रद्धेची विटंबना मानणाऱ्याने कोकणातील दशावतार पाहावा. आड दशावतारातील संकासुर बोलीत बोलतो, लोकांना हसवितो, आणि त्यामुळे पुढे येणाऱ्या विष्णूची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. तमाशातील गौळणीत मावशी प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेते. देव हसण्याजोगा असणे ही जवळिकीची खूण होय. ‘हनुमान’मधील गंभीर, प्रवचनी निवेदनापुढे ही सलगी ताजी वाटते. अवघ्या गावाची रसद फस्त करील असा बालमारुतीचा आहारही ह्याच सलगीचा भाग आहे. (गावबाच्या पुरणपोळीच्या वेडाची आख्यायिका ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उत्तरकथा आणि खादाडपणा यांचे नाते नवे वाटणार नाही.)

परंतु ह्या संहितेच्या मुळाशीच एक दोष आहे. हनुमान हा सप्तचिरंजीवांपैकी एक. ज्याला मरण नाही त्याला पुनर्जन्म कसा? येथे प्रश्न शास्त्रार्थाचा नाही, कथनतर्काचा आहे. रामाने निजधामास जाताना हनुमानाला मागे ठेवले. जोवर रामकथा सांगितली जाईल तोवर तो ह्याच भूमीवर आहे. म्हणजे स्वर्गातून परत येणे ही कल्पनाच त्याच्या बाबतीत अनावश्यक ठरते. परंपरेने त्याची उत्तरकथा लिहिलीच आहे, आणि ती फार वेगळ्या रीतीने. महाभारताच्या वनपर्वात सौगंधिक फुलासाठी निघालेल्या भीमाच्या वाटेवर एक म्हातारे वानर आडवे पडलेले असते. त्याचे शेपूट भीमाला उचलत नाही. ह्या प्रसंगात नवा जन्म नाही, नवा राक्षस नाही. आहे ती भेट आणि ओळख. ताकद दाखविण्याऐवजी ताकदीचा गर्व उतरविणारी ही उत्तरकथा मुलांच्या चित्रपटाला किती मोलाची ठरली असती! मिंकूला हवा होता तो असा कुणी आडवाटेला बसलेला म्हातारा सोबती. चित्रपटाने त्याला समवयस्क महाबली दिला. परिणामी मिंकूचे दुबळेपण हा विषय न राहता निमित्त बनते.

हाच दोष उत्तरार्धात वाढतो. शुक्राचार्य, राहू आणि केतू येतात, आणि शाळकरी मुलाच्या दुःखातून निघालेली कथा विश्वसंहाराच्या धोक्यापर्यंत जाऊन पोहोचते. राहूची निवड मात्र मार्मिक आहे. बाल हनुमानाने सूर्य गिळू पाहिला तेव्हा इंद्राकडे तक्रार घेऊन गेलेला राहूच होता, आणि त्या तक्रारीपोटी मुलाच्या हनुवटीवर वज्र बसले. जुने वैर हाताशी असताना चित्रपटाने त्याचे काहीच केले नाही.

याहून गंभीर उणीव स्थळाची. बजरंगपूर कोठेही असू शकते, म्हणून ते कोठेच नाही. लोकपरंपरेत हनुमान परत येतो तो नेहमी एखाद्या विशिष्ट जागी. पनवेलच्या शेजारी उरणला द्रोणागिरी नावाचा डोंगर आहे. संजीवनीचा पर्वत नेताना त्याचा एक तुकडा येथे पडला, असे तेथील लोक सांगतात. पुढे सिडकोने वसविलेल्या उपनगरालाही तेच नाव मिळाले. रामायणात नसलेली ही गोष्ट उत्तरकथाच आहे, आणि ती डोंगर दाखवून सांगता येते. मराठी गावात मारुती वेशीवर असतो. गाव कोठे सुरू होते हे त्याच्यावरून कळते. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला. जेथे वेसच उरली नाही तेथे मारुतीने कोठे परतावे, हा प्रश्न २००७ च्या चित्रपटाकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. पण जमिनीवर उतरण्यासाठी करार करणाऱ्या देवाच्या कथेत जमीन कोणती, हे विचारणे अस्थानी नाही. चित्रपटातील बजरंगपुरात शाळा आहे, घरे आहेत, दरोडेखोरही आहेत. वेशीवरचा मारुती असता, तर पुजाऱ्याच्या घरातला नवा मारुती त्याच्यासमोर कसा उभा राहिला असता, याची कल्पना करणे सोपे नाही.