भुयाराचा वारसा

बुद्धिबळाला इतिहास आहे, हे आपण सहज मान्य करतो. भ्रमणध्वनीवरील खेळालाही तो असू शकेल, हे मानावयास मात्र मन धजत नाही. गाडीच्या डब्यात समोरचा तरुण मान खाली घालून पडद्यावर बोटे फिरवीत असला, की तो वेळ दवडीत आहे एवढाच निष्कर्ष आपण काढतो. त्याच्या तळहातावरील त्या अंधाऱ्या भुयाराची वंशावळ चार दशकांहून जुनी आहे, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

भुयारात उतरावे, राक्षसांशी झुंजावे आणि ठेवा घेऊन वर यावे, ही कल्पना आपल्याकडेही अपरिचित नाही. हिंदी मुलखात नोकरी केलेल्यांना देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तील तिलिस्म आठवेल. परंतु या खेळांचे कूळ अमेरिकेतले. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांतील तरुणांना त्याने वेड लावले.

त्यांपैकी मायकेल टॉय व ग्लेन विचमन हे सांताक्रूझचे दोन विद्यार्थी. संगणकावरील त्या वेळचे साहसखेळ एकदा उलगडले, की त्यांत गोडी उरत नसे. म्हणून दर वेळी नवे भुयार यंत्रानेच रचावे, अशी युक्ती त्यांनी योजली. बर्कलीच्या केन आर्नोल्ड यांनी तयार केलेल्या साधनामुळे पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटविता येत होते. त्याच्या बळावर १९८०च्या सुमारास ‘रोग’ हा खेळ सिद्ध झाला. त्यात चित्रे नव्हतीच. ‘@’ हे चिन्ह म्हणजे नायक आणि रोमन लिपीतील सव्वीस मोठी अक्षरे म्हणजे सव्वीस राक्षस. सव्विसाव्या तळापर्यंत उतरून येंडोरचा ताईत वर आणावयाचा. नियम कठोर होता. नायक मेला, की सारे संपले. जपून ठेवलेल्या डावावरून मागे फिरण्याची सोय नव्हती.

१९८३ साली बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर हा खेळ अनेक विद्यापीठांत पोहोचला. तथापि त्याची मूळ संहिता त्यासोबत दिलेली नव्हती. पुढे कर्त्यांनी त्याची व्यापारी आवृत्ती काढली. तिला फारसे यश लाभले नाही. इकडे जे फेन्लासन या शाळकरी मुलाने मित्रांच्या साहाय्याने, ‘रोग’ची संहिता हाती नसताना, तशाच धर्तीचा ‘हॅक’ नव्याने लिहिला. अॅमस्टरडॅमच्या आंद्रीस ब्राउवर यांनी त्याचा विस्तार करून १९८४ मध्ये तो संहितेसह जाहीरपणे वाटला. त्यातून १९८७ साली ‘नेटहॅक’ जन्मला. एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या अनेकांनी तो वाढविला.

भ्रमणध्वनीवरही इतिहासाने तेच वळण घेतले. २०१२ साली ओलेग डोल्या यांनी ‘पिक्सेल डंजन’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये त्याची संहिता सर्वांस खुली केली. त्यांनी स्वतः काम थांबविले, तरी खेळ थांबला नाही. इव्हान डेबेनहॅम यांनी त्याच वर्षी त्यावरून ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ रचला आणि पुढे वर्षानुवर्षे त्यात भर घातली.

या साऱ्या कथेचे मर्म मला येथे दिसते. ज्यांनी कुलूप घातले, त्यांच्या हाती कीर्ती राहिली. परंतु वंश वाढला तो किल्ली पुढच्याच्या हाती देणाऱ्यांचा. बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर चार अनुभवाच्या गोष्टीही सांगून जाणारा सहकारी ज्याला लाभला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

आणि एक गंमत. ‘पिक्सेल डंजन’मध्ये पंचवीस तळ पार करून जो खाली पोहोचतो, त्याला सव्विसाव्या तळावर काय सापडते? येंडोरचा ताईत. दोन विद्यार्थ्यांनी ठेवलेला ठेवा अजून त्याच तळावर आहे.