स्वादुपिंडाचा दाह, एपिड्युरल आणि खानदेश

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात रोगी पोटदुखीने बेजार होतो. जिवावर बेतते ते मात्र बऱ्याचदा श्वासामुळे. कळ थेट पाठीत जाते, आणि रोगी खोल श्वास घ्यायला किंवा खोकायला धजत नाही. फुफ्फुसांचे तळ मिटतात, बहुधा डाव्या बाजूला पाणी साचते. दाहाची रसायने रक्तावाटे फुफ्फुसांत पोहोचली की ऑक्सिजन उतरू लागतो. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने १८८९ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मॉर्फिनने पित्तनलिकेचे तोंड आवळते, या धास्तीने पुढे कित्येक दशके पेथिडिनच दिले गेले. धास्ती फारशी खरी नव्हती. पण मात्रा वाढली की दोन्ही औषधांनी श्वास मंदावतो, ही अडचण खरीच होती.

ही अडचण टाळणारी एपिड्युरलची, म्हणजे कण्यातील आवरणाबाहेरच्या पोकळीत बधिर करणारे औषध देण्याची, वाट स्पेनचा लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाजेस याने १९२१ मध्ये दाखवली. दोनच वर्षांत तो अपघातात गेला आणि त्याचे काम झाकले गेले. १९३१ मध्ये इटलीच्या दोल्योत्तीने ही पद्धत रूढ केली. रोग्याला पुढे वाकवून मणक्यांमधून सुई सरकवायची, सिरिंजचा दट्ट्या दाबत राहायचा. अस्थिबंध ओलांडताच दट्ट्या अचानक सैल पडतो. हाताला कळणारी ही खूण आजही तीच आहे. १९४७ मध्ये हवानात कुर्बेलोने कमरेच्या मणक्यांतून त्या पोकळीत बारीक नळी ठेवली, आणि औषध दिवसेंदिवस देता येऊ लागले.

नळी ठेवणे एक, ती सांभाळणे वेगळे. रक्तदाब पडतो, रक्त गोठण्यात बिघाड असेल तर कण्याशी रक्तस्राव होऊ शकतो. रात्रभर कोणीतरी जागे हवे. उत्तर महाराष्ट्रातल्या खानदेशात ही सोय उशिरा आली. १९०६ मध्ये या प्रदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पण वैद्यकीय महाविद्यालय यायला पुढे आठ दशके लागली. धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालय १९८९ मध्ये निघाले. जळगावच्या ‘सिव्हिल’ रुग्णालयाला शासकीय महाविद्यालय जोडले गेले ते थेट २०१८ मध्ये. महाविद्यालय आले की भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग येतो. या उपचाराला सुईपेक्षा त्याचीच गरज अधिक.

वेदना थांबली की श्वास मोकळा होईल, फुफ्फुसे वाचतील, ही अपेक्षा वाजवी होती. अतिदक्षता विभागांतील रोग्यांवर फ्रान्समध्ये झालेल्या ‘एपिपॅन’ चाचणीने २०२३ मध्ये तिला धक्का दिला. श्वसनयंत्राविना गेलेल्या दिवसांत एपिड्युरल गट आणि नेहमीच्या उपचारांचा गट यांत फरक आढळला नाही. त्यामुळे फुफ्फुसांसाठी म्हणून नव्हे, तर इतर औषधांना न जुमानणाऱ्या वेदनेसाठी, निवडक रोग्यांपुरताच या पद्धतीचा विचार होतो.