मार्गलांबीचे नियोजन, रेल्वे सिम्युलेटरमधील

संगणकावर रेल्वे चालविण्याच्या सिम्युलेटरसाठी स्वतःचा मार्ग रचताना त्याची लांबी, टोके आणि तपशिलाचे प्रमाण आधी ठरविणे. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर (2001) आणि त्याचे मार्ग चालवू शकणारा मुक्तस्रोत ओपन रेल्स यांत भूभाग 2,048 मी. बाजूच्या चौकोनांत विभागलेला असतो. लांबीबरोबर काम वाढते ते त्यामुळेच.

भिलाईत (छत्तीसगड) दोन पर्याय सहज दिसतात. हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरील दुर्ग–रायपूर हा टप्पा सुमारे 37 किमी. म्हणजे साधारण 18 चौकोनांचा. सरासरी ताशी 50 किमी. वेगाने तो पाऊण तासात संपतो. भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस, भिलाई, कुम्हारी अशी स्थानके जवळजवळ असल्याने ब्रेक लावण्याचा सराव भरपूर होतो. दुसरा पर्याय दल्ली राजहरापर्यंतचा, 80 किमी.हून लांब; 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज याच मार्गाने येते.

केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. 58 बॉक्सएन वाघिणींची मालगाडी 600 मी.हून लांब असते. तेवढ्या लांबीची लूप मार्गिका नसेल, तर गाडी बाजूला घेताच येत नाही. यार्डातील प्रत्येक सांधा आणि सिग्नल जागेवर बसवावा लागत असल्याने मोकळ्या माळावरील अनेक किलोमीटरांपेक्षा एका यार्डाला अधिक वेळ लागतो. म्हणून नवख्याने दोन स्थानकांमधील टप्पा आधी पूर्ण करावा, चालवून पाहावा आणि मगच मार्ग वाढवावा. नेटका छोटा मार्ग अर्धवट लांब मार्गापेक्षा केव्हाही सरस.