हॉल, रूम आणि चेंबर

‘वन बीएचके’तला मधला ‘एच’ म्हणजे हॉल. आपल्याकडे तिथे सोफा, टीव्ही आणि पाहुण्यांची बैठक. लंडनच्या घरात मात्र हॉल म्हणजे दारातून शिरताच लागणारी चिंचोळी वाट; ओले कोट अडकवायला आणि बूट काढायला. बसायची ती सिटिंग रूम.

एकेकाळी या शब्दाचा रुबाब फार मोठा होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हॉल हाच घराचा गाभा असे. मधोमध शेकोटी, तिथेच जेवणावळी, तिथेच निवाडे आणि रात्री तिथेच नोकरचाकरांची पथारी. राजा दुसऱ्या विल्यमने 1097 साली बांधायला घेतलेला वेस्टमिन्स्टर हॉल तब्बल 240 फूट लांब आहे! पुढे धनी मंडळी आपापल्या दालनांत राहू लागली आणि साध्या घरांतला हॉल येण्याजाण्यापुरता उरला.

रूमचा मूळ अर्थ नुसती मोकळी जागा. भिंती नंतर आल्या. चेंबरचं कूळ मात्र थोर. लॅटिन ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. पोर्तुगीजांमार्फत हिंदीत आलेला ‘कमरा’ तिचाच वंशज. अंधाऱ्या खोलीत बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पाडणारी ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ही तीच, आणि तिच्यावरूनच आपला फोटोचा कॅमेरा.

म्हणूनच ‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे चित्रीकरण नव्हे, तर बंद दालनातलं कामकाज. वाचकांचा हमखास गोंधळ होतो. बातमीदारांनी सरळ ‘बंद दालनात सुनावणी’ असंच लिहावं.