जमिनीखालच्या तारांचें आयुष्य

शहराच्या वैभवाचें वर्णन करावयाचें म्हटलें म्हणजे उंच इमारती, रुंद रस्ते आणि रात्रींचा दिव्यांचा झगझगाट यांचाच उल्लेख होतो. परंतु या सर्व थाटाचा आधार पायांखालीं असतो. पाण्याचे नळ, सांडपाण्याचीं गटारें आणि विजेच्या तारा यांचें एक दुसरें नगर प्रत्येक नगराच्या पोटांत वसलेलें असतें. तें निमूटपणें काम करीत असतें तोंवर त्याची आठवण कोणासहि होत नाहीं. आणि एखाद्या रात्रीं दिवे गेले कीं तेंच नगर सर्वांच्या रागाचा विषय होतें. विजेच्या तारा जमिनींत पुरण्याची कल्पना कशी निघाली, पुरल्यानंतर त्यांचें काय झालें, आणि त्यांच्या जागीं नव्या घालण्याची वेळ आली तेव्हां कोणते प्रश्न उभे राहिले, हा इतिहास म्हणूनच समजून घेण्यासारखा आहे.

त्याचा आरंभ न्यूयॉर्क शहरांत होतो. ता. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं एडिसननें पर्ल स्ट्रीटवरील आपलें वीजकेंद्र सुरू केलें. तारा खांबांवरून न नेतां रस्त्याखालून न्यावयाच्या, हा त्याचा निश्चय पहिल्यापासूनचा होता. तांब्याच्या कांबी लोखंडी नळींत घालावयाच्या आणि मधली पोकळी डांबरी लुकणानें भरून टाकावयाची, अशी त्याची योजना होती. काम खर्चाचें आणि किचकट होतें. इतर कंपन्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनीं उंच खांब रोविले आणि तारायंत्राच्या, टेलिफोनच्या व विजेच्या तारांचें एक दाट जाळें रस्त्यांवर पसरलें. १८८४ सालीं तारा जमिनींत घालण्याविषयीं कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी रेंगाळत राहिली. मार्च १८८८ मधील हिमवादळांत हे खांब आणि तारा कोसळून शहराचा व्यवहार ठप्प झाला. ता. ११ ऑक्टोबर १८८९ रोजीं फीक्स नांवाचा एक कामगार भर दुपारीं खांबावर काम करीत असतां विजेच्या धक्क्यानें मरण पावला, आणि त्याचें प्रेत खालीं जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत तारांत अडकून राहिलें. जें काम कायद्यानें झालें नव्हतें तें या एका मरणानें झालें. लोकक्षोभ उसळला, महापौरांच्या आज्ञेनें खांबांवर कुऱ्हाडी पडल्या आणि तारा जमिनीखालीं गेल्या.

याच सुमारास लंडनमध्यें फेरांती नांवाचा पंचविशींतला एक इंजिनिअर याहून धाडसी प्रयोग करीत होता. वीजकेंद्र शहराच्या मध्यवस्तींत न ठेवतां थेम्सच्या कांठीं डेटफर्ड येथें उभारावें, आणि तेथून दहा हजार व्होल्ट दाबाची वीज लंडनच्या मध्यभागीं आणावी, असा त्याचा बेत होता. एवढा दाब सहन करणारी केबल बाजारांत मिळत नव्हती; ती त्यानें स्वतःच घडविली. तांब्याच्या एका नळीवर खनिज मेणांत भिजविलेला कागद गुंडाळून ती दुसऱ्या नळींत बसवावयाची, अशी तिची रचना होती. लोकांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना तिची भीति वाटे. तेव्हां फेरांतीनें आपल्या मदतनिसाच्या हातीं छिनी देऊन, वीज खेळत असतांनाच ती छिनी हातोड्यानें केबलींत ठोकविली. बाहेरची नळी जमिनीशीं जोडलेली असल्यामुळें छिनी धरणाऱ्यास कांहीं इजा झाली नाहीं, आणि अधिकाऱ्यांचें समाधान झालें. त्या केबलीचा कांहीं भाग १९३३ सालापर्यंत कामांत होता.

कागद हा विजेला अडविणारा उत्तम पदार्थ आहे. मात्र तो कोरडा राहिला पाहिजे. म्हणून तेलांत मुरविलेल्या कागदावर शिशाचें अखंड आवरण चढविण्याची पद्धत रूढ झाली. पुढें मिलानमधील पिरेली कारखान्यांतील इंजिनिअर लुइजी इमान्युएली यानें केबलीच्या पोटांतच पातळ तेल दाबाखालीं भरून ठेवण्याची युक्ति काढली, आणि १९२७ सालीं न्यूयॉर्क व शिकागो येथें एक लक्ष बत्तीस हजार व्होल्टांच्या केबली घालण्यांत आल्या. शिशाच्या आवरणाच्या जुन्या केबली जड, महाग आणि जोडावयास कष्टाच्या खऱ्या. पण शिशांतून पाण्याचा थेंबहि आंत जात नसल्यामुळें त्यांतल्या कित्येक केबलींनीं साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षें सेवा केली. या दीर्घायुष्याचा एक परिणाम असा झाला कीं, जमिनींत घातलेली तार ही जणूं कायमचीच घातली, असा समज इंजिनिअरांत आणि हिशेबनिसांतहि रुजला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत शहरांबाहेर उपनगरें झपाट्यानें वाढलीं. प्रत्येक घरापुढें हिरवळ, मागें बाग, आणि या सर्व रमणीयतेवर खांबांची व तारांची ओबडधोबड रांग! १९६५ सालीं निसर्गसौंदर्याविषयीं व्हाइट हाउसमध्यें भरलेल्या परिषदेंत या तारांचाहि विचार झाला. १९६७ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें खांबांवरच्या तारा जमिनीखालीं नेण्याबद्दल नियम घालून दिले. परंतु शिशाची केबल उपनगरांतील विरळ वस्तीला परवडणारी नव्हती. ही अडचण पॉलिथिननें सोडविली. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेंत अनपेक्षितपणें सांपडलेला हा मेणचट पदार्थ युद्धकाळांत रडारच्या कामीं आला होता. तो हलका, स्वस्त आणि विजेला अडविण्यांत कागदाहून सरस होता. धातूच्या गाभ्यावर पॉलिथिनचा थर आणि त्यावर परतीच्या विजेसाठीं तांब्याच्या उघड्या तारांचा वेढा, एवढीच या नव्या केबलीची घडण होती. बाहेरून शिसें नाहीं, दुसरें आवरणहि नाहीं. यंत्राचा नांगर जमिनींत चर पाडीत जाई आणि मागोमाग केबल त्या चरांत बसत जाई. तीस-चाळीस वर्षें तिच्याकडे पाहावें लागणार नाहीं, अशी सर्वांची खात्री होती.

ही खात्री दहा-पंधरा वर्षांतच डळमळूं लागली. कांहीं उपनगरांत केबली एकामागून एक फुटूं लागल्या. फुटलेल्या केबलीचे पातळ काप रंगांत बुडवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले असतां पॉलिथिनच्या थरांत झुडपांसारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या. जमिनींतील ओल आणि विजेचा ताण एकत्र आले म्हणजे त्या पदार्थांत अतिसूक्ष्म पोकळ्यांची अशी मालिका वाढत जाते, ही गोष्ट १९६९ च्या सुमारास जपानी संशोधकांनीं प्रथम जगापुढें मांडली, आणि या आकृतींना ‘जलवृक्ष’ हें अन्वर्थक नांव मिळालें. जलवृक्ष वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाढतो. केबल चालूच राहते. आणि एखाद्या दिवशीं, विजेच्या कडकडाटानें किंवा दुसऱ्याच कोठल्या बिघाडानें दाब क्षणभर वाढला, कीं पोखरलेला थर फुटतो. इकडे उघड्या तांब्याच्या तारा कांहीं जमिनींत गंजून नाहींशा होत होत्या. जी बचत शिसें वगळून केली होती, तिचें व्याज जमीन अशा रीतीनें वसूल करीत होती.

पुढच्या केबली सुधारल्या. पॉलिथिनचे रेणू एकमेकांत गुंफून तें उष्णतेला टिकाऊ करण्याची रीति १९६३ च्या सुमारास अमेरिकेंत निघाली होती; १९८० नंतरच्या दशकांत जलवृक्षांची वाढ रोखणारें मिश्रण आलें; बाहेरून प्लास्टिकचें आवरण घालण्याची पद्धत पडली. पण आधींच पुरून ठेवलेल्या हजारों मैल केबलीचें काय करावयाचें, हा प्रश्न राहिलाच. तो पुढें अनेक वर्षें अमेरिकेंतील वीज कंपन्यांपुढें होता, आणि त्याचें उत्तर केवळ विज्ञानांत सांपडण्यासारखें नव्हतें.

उपनगरांतील वीजवांटणीची रचना बहुधा कड्यासारखी असते. केबल एका ट्रान्स्फॉर्मरपासून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे जात दोन्ही टोंकांनीं मुख्य पुरवठ्यास मिळते आणि मध्यें एके ठिकाणीं ती उघडी ठेवलेली असते. एक तुकडा फुटला तर तो दोन्ही बाजूंनीं सोडवून उरलेल्या घरांना उलट्या दिशेनें वीज देतां येते. ही सोय मोठी खरी, पण तिनेंच एक मोहहि निर्माण केला. दिवे तर लागले; मग फुटलेल्या जागेवर खड्डा खणून एक सांधा घालावा आणि पुढें जावें! परंतु प्रत्येक सांधा हें एक नवें दुबळें ठिकाण असतें. शिवाय दोष शोधण्यासाठीं केबलींत विजेचे जोरदार ठोके सोडून जमिनींतून येणारा आवाज ऐकण्याची जी पद्धत आहे, तिनें जुनें पॉलिथिन आणखीच खचतें. दुरुस्ती करतां करतां केबल मरणाच्या अधिक जवळ जाई.

म्हणून हिशेब मांडणें भाग पडलें. कोणती केबल कोणत्या वर्षीं घातली, ती कोणत्या जातीची, कोणत्या तुकड्यावर किती वेळां बिघाड झाला आणि त्यावर किती घरें अवलंबून आहेत, याच्या नोंदी आधीं पाहिजेत. जेथें नोंदी नीट ठेवल्या होत्या तेथें निर्णय सोपे झाले. जेथें नव्हत्या तेथें प्रत्येक खड्डा हें एक नवें कोडें ठरलें. एकच तुकडा दोन-तीनदां फुटला कीं तो बदलावा, असा नियम अनेक ठिकाणीं पडला. या नियमाची खरी किंमत अशी कीं, ज्याची तक्रार मोठी त्याचें काम आधीं, या रीतीला त्यानें आळा घातला. ज्या गल्लींत म्हातारींकोतारीं माणसें मुकाट्यानें अंधारांत बसतात, तिचा क्रमहि नोंदवहीच्या आधारें लागूं शकतो.

यापुढचा प्रश्न रीतीचा. केबलीचा गाभा अनेक बारीक तारांच्या पिळाचा असेल, तर त्या तारांमधल्या फटींतून सिलिकोनयुक्त द्रव आंत सोडून पॉलिथिनमधील पोकळ्या भरून काढतां येतात. हा उपाय १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला आणि त्यानें बागा व अंगणें खणण्याचें टळलें. मात्र गाभा भरीव असेल किंवा परतीच्या तारा गंजून गेल्या असतील, तर नवी केबल घालण्यावांचून गत्यंतर नसतें. मग जमिनींत आधीं काय काय आहे तें पाहावें लागतें. अमेरिकेंत विजेसाठीं तांबड्या, गॅससाठीं पिवळ्या, पाण्यासाठीं निळ्या आणि सांडपाण्यासाठीं हिरव्या रंगाच्या खुणा जमिनीवर केल्याखेरीज फावडें मारीत नाहींत. चर न खणतां जमिनीखालून आडवें भोंक पाडीत जाण्याची विद्या १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका नदीखालून नळ नेण्यासाठीं वापरली गेली, तीच पुढें अंगणांखालीं आली. नवी केबल बहुधा नळींतून नेतात, म्हणजे पुढच्या पिढीला ती ओढून काढतां यावी. जुनी पुष्कळदां तशीच जमिनींत सोडून देतात. काम चालूं असतांना कड्याचा एक भाग बंद असल्यामुळें दुसऱ्यावर सगळा भार पडतो, म्हणून घराघरांतून वातानुकूलनाचीं यंत्रें चालतात तो ऐन उन्हाळा या कामाला वर्ज्य समजावा लागतो.

हिशेब पुढें ढकलला तर काय होतें, याचें उदाहरण न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरानें १९९८ सालीं जगाला दाखविलें. त्या शहराच्या मध्यभागाची भिस्त चार मोठ्या भूमिगत केबलींवर होती. ता. २२ जानेवारीला पहिली गेली, ९ फेब्रुवारीला दुसरी. उरलेल्या दोहोंवर भार वाढला आणि १९ व २० फेब्रुवारीला त्याहि गेल्या. रेल्वेच्या कडेनें खांब रोवून तात्पुरती तार आणावी लागली, आणि शहराचा व्यापारी भाग सुमारें पांच आठवडे विजेच्या टंचाईंत राहिला. ज्या खांबांपासून सुटका करून घेण्यासाठीं तारा जमिनींत गेल्या, त्याच खांबांचा आश्रय संकटकाळीं घ्यावा लागला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मुंबई बेटावर विजेचें वितरण जमिनीखालच्या केबलींनींच होतें. पावसाळ्यांत उकरलेला रस्ता आणि खड्ड्यांत कंदिलाच्या उजेडीं सांधा जोडणारे कामगार हें दृश्य मुंबईकरांच्या परिचयाचें आहे. त्या खड्ड्याला वळसा घालून जातांना मनांत त्रागा येणें स्वाभाविक आहे. पण जमिनींत पुरलेली वस्तु नाहींशी होत नाहीं. ती फक्त दृष्टीआड होते, आणि तिचें आयुष्य तेथें मोजलें जातच असतें. एका पिढीनें तार पुरावी, दुसरीनें तिच्यावर दिवे लावावे आणि तिसरीनें अंधारांत बसून तिची किंमत द्यावी, असें होऊं द्यावयाचें नसेल, तर दिवे लागलेले असतांनाच पायांखालच्या नगराची वही उघडून पाहिली पाहिजे.