डोळ्यांची साथ : १९७१ ची मुंबई

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात काळे चष्मे दिसू लागतात. "डॉक्टर, डोळे आलेत," एवढेच सांगून पेशंट दोन हात लांब बसतो. २०२३ च्या जुलैत आळंदीच्या शाळकरी मुलांपासून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर साथ पसरली. ठाकुर्लीतही घरटी एक-दोन जण लालबुंद डोळे घेऊन येत होते. तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक आजोबा म्हणाले, "हे काहीच नाही, एकाहत्तर साली बघायला हवं होतं."

आजोबांचे खरे होते.

ही गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये, आफ्रिकेतल्या घाना देशात. डोळे येण्याची एक नवी, झपाट्याने पसरणारी साथ तिथे आली. त्याच सुमारास अपोलो ११ चंद्रावर उतरले होते, म्हणून लोकांनी आजाराला 'अपोलो' हेच नाव दिले. तिथून हा आजार आशियात आला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि नेमकी तेव्हाच तिथे साथ पेटली. बंगाली माणसाने तिला नाव दिले 'जय बांगला'. त्याच वर्षी ती मुंबईतही पोहोचली.

नेहमीच्या डोळे येण्यापेक्षा ही साथ वेगळी होती. संसर्ग झाल्यापासून एक-दोन दिवसांतच डोळा खुपायचा, पापण्या सुजायच्या, पाणी वाहायचे आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात रक्ताचे लाल डाग पडायचे. दिसायला भयंकर, पण आठवड्या-दीड आठवड्यात बहुतेक जण बरे व्हायचे. जपानमध्ये रेइसाकू कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा विषाणू शोधला. आज आपण त्याला एन्टेरोव्हायरस ७० म्हणतो. हा पोलिओच्याच कुळातला. शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे थंड वातावरण त्याला जास्त मानवते आणि डोळ्याचा पृष्ठभाग तसा असतोच.

पोलिओशी हे नाते मुंबईतल्या डॉक्टरांना फार जवळून पाहावे लागले. साथीच्या काळात काही प्रौढ पेशंट वेगळीच तक्रार घेऊन येऊ लागले. आधी ताप किंवा अंगदुखी, मग पाठीत आणि पायांत कळा, आणि त्यानंतर पायांतली ताकद जाणे, बऱ्याचदा एका पायातली जास्त. संवेदना मात्र बहुतांशी शाबूत. पोलिओसारखे चित्र, पण पोलिओ हा मुख्यतः लहान मुलांचा आजार! जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध काही दिवस किंवा आठवडे आधी येऊन गेलेल्या डोळ्यांशी जोडला. मुंबईतल्याच डॉ. एडी भरूचा यांनीही असे पेशंट नोंदवले. १९७२-७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मुंबईची ही निरीक्षणे छापून आली. पुढे १९८१ च्या साथीतही मुंबईत असे पेशंट दिसले.

मला या इतिहासातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. पायाची तक्रार घेऊन आलेला माणूस बऱ्या झालेल्या डोळ्यांबद्दल आपणहून कशाला बोलेल? ते विचारावे लागते. एमआरआयच्या आधीच्या काळात हे निदान पेशंटच्या हकिगतीवर उभे राहिले.

घाबरून जाऊ नका. हा अर्धांगवायूसारखा प्रकार तेव्हाही फार विरळा होता आणि नंतरच्या बऱ्याच साथींमागे कॉक्सॅकी ए२४ नावाचा त्याचा भाऊबंद असतो. कधी अॅडेनोव्हायरस असतो. तो बरा व्हायला दोन-तीन आठवडेही घेतो.

आजोबांच्या काळापासून एक समज मात्र टिकून आहे, की आजारी माणसाच्या डोळ्यांत पाहिले की डोळे येतात. तसे होत नाही. विषाणू हातांवरून, टॉवेलवरून, उशीच्या अभ्र्यावरून, लोकलच्या दांड्यावरून येतो आणि आपणच डोळा चोळून त्याला आत सोडतो. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, बाकी फारसे काही करत नाही. उपचारात स्वच्छ पाण्याने पापण्या पुसणे, थंड पाण्याच्या घड्या, डॉक्टरांनी सांगितल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि वारंवार साबणाने हात धुणे. अँटिबायोटिक थेंब विषाणूवर चालत नाहीत. दाट पिवळा चिकटा येत असेल तर गोष्ट वेगळी. मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइडचे थेंब आणू नका. डोळ्यात नागीण विषाणूची जखम असेल तर ते बुबुळाचे नुकसान करतात. रुईचा चीक, लिंबू, मध वगैरे डोळ्यात घालणाऱ्यांशी माझे दरवर्षी भांडण होते.

अंधुक दिसू लागले, उजेड अजिबात सहन होईना, खूप दुखू लागले, तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा बाळ नवजात असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि डोळे बरे झाल्यावर महिनाभरात कंबरेतून कळा येऊन पायांत ताकद वाटेनाशी झाली, तर ताबडतोब रुग्णालयात जा आणि तिथे डोळे आले होते हे आधी सांगा.