अपिलीय निकालांचे आकडेवारी-विश्लेषण

अपील न्यायालयाचे अनेक निकाल एकत्र मांडून कोणत्या पीठापुढे कोणत्या प्रकरणाचे काय झाले, हे मोजणारी अभ्यासपद्धती. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात सगळे न्यायमूर्ती एकत्र बसतात, म्हणून तिथे कोण कोणाच्या बाजूने राहिले हे मोजतात. हर्मन प्रिचेट यांचा 1948 चा ग्रंथ त्याच वळणाचा आहे. दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयात बहुतेक प्रकरणे दोन-तीन न्यायमूर्तींपुढे जातात आणि भिन्नमत क्वचितच नोंदले जाते. त्यामुळे इथे मोजायचा तो पीठापीठांतला फरक, आणि एकेक निकालपत्र कितीही बारकाईने वाचले तरी तो दिसत नाही. न्यायालयासमोरच्याच भगवानदास रस्त्यावरील भारतीय विधी संस्थेच्या नियतकालिकात ए. आर. ब्लॅकशील्ड यांनी 1972 ते 1976 मधील फाशीची प्रकरणे तपासून हा फरक दाखवला. बच्चन सिंग खटल्यात बहुमताने फाशी वैध ठरवली (1980), न्या. भगवती यांनी 1982 मधील आपल्या भिन्नमतात ब्लॅकशील्ड यांच्याच अभ्यासाचा आधार घेतला.

प्रत्येक खटल्याची वस्तुस्थिती निराळी, मग बेरीज कशाची करायची, असा आक्षेप घेतला जातो. त्याला हरबन्स सिंग खटल्यापेक्षा चोख उत्तर नाही. एकाच हत्याकांडात तिघांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यांची प्रकरणे वेगवेगळ्या पीठांपुढे गेली. एकाची शिक्षा 1977 मध्ये जन्मठेपेवर आली, दुसरा 6 ऑक्टोबर 1981 रोजी फासावर गेला, तिसऱ्याची फाशी थांबवून सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने 1982 मध्ये त्याचे प्रकरण राष्ट्रपतींकडे फेरविचारासाठी सोपवले. इथे गुन्हा तोच होता; बदलले ते पीठ. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कोणते प्रकरण कोणाकडे जावे हे सरन्यायाधीश ठरवतात, चिठ्ठ्या टाकून ते ठरत नाही. एखाद्याकडे मुळातच गंभीर प्रकरणे आली असतील, तर त्याची कठोरता आकड्यांत फुगून दिसेल. म्हणून वाटपाची नोंद हाती नसताना न्यायमूर्तींची क्रमवारी लावणे हा उतावीळपणाच. मात्र फ्रान्सने 2019 मध्ये केली तशी न्यायाधीशनिहाय विश्लेषणावर बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे. तिने फरक मिटत नाही, नुसता झाकला जातो. सर्वोच्च न्यायालयाची आकडेवारी 14 सप्टेंबर 2023 पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर आहे, पण ती मुख्यतः दाखल, निकाली आणि प्रलंबित प्रकरणांची. अपील कोणी जिंकले आणि कशाच्या आधारे, हे निकालपत्रे वाचूनच नोंदवावे लागते.